उभी फायबर गौर, दादर: घेण्याआधी शर्टाचं बटण खिशात ठेवा

दादर पश्चिमेला रानडे रोडच्या अंगाने चालत गेलं की श्रावणात दुकानांच्या फळीवर गौरी दिसायला लागतात. नुसते मुखवटे नव्हेत, अख्ख्या उभ्या. या पूर्ण फायबर गौरी लोक का घेतात ते उघड आहे: उतरंड रचायची नाही, स्टँडला कापडं गुंडाळून अंग भरायचं नाही, साडी नेसवली की झालं. इथे जिचं परीक्षण केलं आहे ती जोडी याच भागातल्या एका गल्लीतल्या दुकानातली, 'हुबेहूब' म्हणून विकली जाणारी. उंची ४२ इंच. पॉलिएस्टर रेझिन आणि ग्लास मॅटचं पोकळ अंग, सुटे हात, सुटं डोकं, काचेसारखे ॲक्रिलिकचे डोळे, चिकटवलेल्या पापण्या, नायलॉनचे केस. स्टँडसकट जोडी १८,००० रुपये.

काम हलकं नाही. सांध्यांवर लांबी (पुट्टी) व्यवस्थित भरली आहे, मानेच्या कडेवरून बोट फिरवलं तर धार लागत नाही, रंगाला कुठे ओघळ नाही. तरीही ज्या घरात गौर बसते त्याच खोलीत रात्री गाद्या पडतात, म्हणजे मुंबईतल्या बहुतेक साध्या घरांत, ही जोडी आहे तशी घेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे. मोठा हॉल असेल, बघणारा दहा-बारा फुटांवर उभा राहणार असेल, तर गोष्ट वेगळी.

दुकानात दहा मिनिटं उभं राहिलं तर गिऱ्हाइकांच्या तोंडून एकच वाक्य पुन्हापुन्हा ऐकू येतं: "सुंदर आहेत हो, पण…" आणि वाक्य तिथेच थांबतं. काय खटकतंय ते सांगता येत नाही. लहान पोर आईच्या मागे लपतं, आणि आजी किंमत न विचारता पुढच्या दुकानाकडे वळते. त्या 'पण'ला मराठीत नेमका एक शब्द नाही. सगळ्यात जवळचा शब्द कोकणातला, चकवा. रोजची पायवाट, रोजचा बांध, आणि तरी माणूस तिथल्या तिथे फिरत राहतो, कारण ओळखीचीच जागा अनोळखी झालेली असते. चेहऱ्यालाही असा चकवा लागतो.

या भावनेवर लिहिणाऱ्यांनी तीन गोष्टी सांगून ठेवल्या आहेत आणि तिन्ही या जोडीला लागू पडतात. जर्मन मानसोपचारतज्ज्ञ एर्न्स्ट येन्श याने १९०६ साली म्हटलं की समोरची वस्तू सजीव की निर्जीव याचा निकाल मनाला लावता येत नाही तेव्हा हे घडतं. अर्धवट उजेडातला माणसाएवढा मेणाचा पुतळा हे त्याचंच उदाहरण. १९१९ साली सिग्मंड फ्रॉइडने ते पुढे नेलं: पूर्ण नवखी गोष्ट असं भिववत नाही, घरातलंच, जुन्या ओळखीचं काहीतरी परकं होऊन समोर येतं तेव्हा जीव चरकतो. आणि १९७० साली मासाहिरो मोरी या जपानी रोबो-अभियंत्याने याचा आलेखच काढला. वस्तू माणसासारखी होत जाते तशी जवळीक वाढत जाते, आणि अगदी माणसाच्या उंबरठ्याशी आल्यावर ती एकदम दरीत कोसळते. मोरीने जपानी रंगभूमीवरची, माणसांनी हातांनी खेळवलेली बुनराकू बाहुली मात्र दरीच्या पलीकडे वर ठेवली. तिची उंची, तिची कातडी माणसासारखी नाही, पण नाट्यगृहात बसलेला प्रेक्षक तिच्यात रमतो. शाडूचा किंवा पितळी मुखवटा त्याच बाजूला बसतो असं आम्हाला वाटतं. ही हुबेहूब जोडी दरीत आहे, आणि ती तिथे का पडली ते बोट ठेवून दाखवता येतं.

सुरुवात डोळ्यांपासून. मराठीत डोळ्याच्या मध्यावरच्या काळ्या ठिपक्यालाही बाहुलीच म्हणतात. प्रौढ माणसाच्या बुबुळाचा व्यास साधारण ११ ते १२ मिलिमीटर असतो, माणसामाणसांत त्यात फार फरक नसतो. शर्टाचं नेहमीचं बटण जवळपास तेवढंच असतं. ते बटण मूर्तीच्या डोळ्यासमोर धरून बघा. या जोडीचं बुबुळ बटणाच्या चहूबाजूंनी डोकावतं, कारण ते १४ मिलिमीटरचं आहे. बाहुलीच्या चेहऱ्याला हेच मोठे डोळे शोभले असते. पण इथे नाक, हनुवटी, ओठांखालची खळी सगळं खऱ्या बाईचं आहे, आणि त्यात डोळे तेवढे बाहुलीचे. जपानमध्ये सेयामा आणि नागायामा यांनी २००७ साली चेहऱ्यांच्या चित्रांवर नेमकं हेच तपासलं: चेहरा जितका खऱ्याजवळ नेला तितके प्रमाणाबाहेरचे मोठे डोळे बघणाऱ्याला जास्त खटकले.

दुसरी खूण पापणीची. आपण शांत बसलेलो असतो तेव्हा वरची पापणी बुबुळाचा वरचा काठ थोडा झाकते. बुबुळाच्या वर पांढरं दिसायला लागलं की चेहरा दचकलेला वाटतो. या जोडीत ज्येष्ठेच्या उजव्या डोळ्यात बुबुळाच्या वर एक मिलिमीटरभर पांढरी रेघ आहे. बाकी चेहरा हसतोय, आणि ती एक रेघ सांगतेय की हिने आपल्या मागे काहीतरी पाहिलं.

तिसरी गोष्ट दुकानात बहुतेकांच्या लक्षात येत नाही, कारण सगळे मूर्तीसमोर एका जागी उभे राहतात. जरा डावीकडून उजवीकडे चाला. रंगवलेल्या डोळ्यात चमकेचा पांढरा ठिपका कारागीर ब्रशने देतो, तो जागचा हलत नाही. ॲक्रिलिकच्या घुमटावर मात्र समोरच्या दिव्याचं खरं प्रतिबिंब पडतं आणि आपण हललो की तेही सरकतं. शिवाय इथे बुबुळ घुमटाच्या मागे खोल बसवलं आहे, म्हणून बाजूला गेलं तरी ते आपल्याकडेच वळल्यासारखं दिसतं. 'नजर पाठलाग करते' म्हणतात ते हेच. लालबाग-परळच्या मूर्तिकारांकडे डोळ्यांची आखणी हे सगळ्यात जबाबदारीचं काम मानतात, ती शेवटी आणि सवडीने होते. गणपतीचे डोळे जिवंत वाटतात तरी त्यांची धास्ती वाटत नाही, कारण मुख हत्तीचं आहे. माणसाशी तुलना करायला मन धजतच नाही. गौरीच्या बाबतीत ती तुलना क्षणात होते.

जुन्या मुखवट्यात नजर किंचित खाली असते. त्याचं कारण जागेत आहे. गौर चौरंगावर उंच, पूजा करणारा पाटावर खाली; नजर खाली असली की ती नैवेद्याच्या पानावर आणि बसलेल्या माणसावर उतरते. या जोडीची दोन्ही बुबुळं सरळ समोर, एकमेकांना समांतर आहेत. माणूस जवळचं बघतो तेव्हा डोळे किंचित नाकाकडे वळतात. समांतर डोळे दूर कुठेतरी, आपल्या आरपार बघतात. पाटावर बसून वर पाहिलं तर गौर आपल्या डोक्यावरून भिंतीकडे बघत असते.

आता त्वचा. खऱ्या कातडीत उजेड थोडा आत शिरतो, आत विखुरतो आणि लालसर होऊन बाहेर येतो. कानाच्या पाळीमागे दिवा आला की ती लाल दिसते ती यामुळे. फायबरवरचा रंग उजेड वरच्यावरच परतवतो. त्यावर इथे सगळ्या चेहऱ्याला एकसारखी चकाकी दिली आहे. जिवंत चेहऱ्यावर डोळे आणि ओठ ओले चमकतात, कपाळ-नाक थोडं, गाल जवळजवळ नाहीच. सगळं सारखं चमकलं की मेण आठवतं, आणि मेणावरून मन नको तिथे जातं. उपाय सोपा आहे: डोळे-ओठ झाकून बाकी चेहऱ्यावर मॅट लॅकरचा पातळ फवारा. दुकानदार तो मागितला तर मारून देतात, पण आपणहून सांगत नाहीत.

उजेडाची चूक बहुतेक घरांत आपण स्वतः करतो. पांढऱ्याशुभ्र ६,५०० केल्व्हिनच्या एलईडीखाली हा चेहरा निळसर, बिनरक्ताचा दिसतो. २,७०० ते ३,००० केल्व्हिनचा पिवळसर दिवा घ्या. लोहार चाळीत, मुंबईतल्या विजेच्या सामानाच्या बाजारात, खोक्यावर आकडा बघून मागता येतो. तो समोरून, वरच्या बाजूने तिरका येऊ द्या. चौरंगाच्या कडेला पायापाशी लाइटची पट्टी लावण्याची जी पद्धत पडली आहे ती या मूर्तीसाठी कटाक्षाने टाळा. उजेड वरून येतो हे मेंदूने धरलेलंच असतं. तो खालून आला की नाकाची सावली कपाळाकडे चढते आणि ओळखीचा चेहरा फिरतो.

समईचंही तेच. चेहऱ्याच्या समोर, खाली ठेवलेली समई हलत्या ज्योतीने नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंतच्या घडीत सावली हलवत राहते. शाडूच्या मुखवट्यात ती घडी उथळ असते, म्हणून ज्योतीच्या उजेडात गौर नुसती उजळते. या मूर्तीत घडी खोल कोरली आहे. परिणाम असा की हसू येतं आणि जातं, येतं आणि जातं. समया दोन्ही बाजूंना, मूर्तीच्या खांद्याच्या रेषेत मागे सरकवल्या की हे थांबतं.

ओठ किंचित उघडे आहेत आणि आत दातांची पांढरी पट्टी रंगवली आहे. इथे कारागिराने फॅशनच्या पुतळ्याचा साचा समोर ठेवलेला दिसतो. खरं हसू आलं की गाल वर चढतात आणि डोळ्यांखाली वळी पडते. इथे ओठ हसतात आणि डोळे टक्क उघडे. मिटलेल्या ओठांचं डोकं त्याच किमतीत मिळतं, ते मागा.

हातांबद्दल फार लिहायला नको: मनगट वळवलेली, बोटं सैल सोडलेली ही ठेवण साडीच्या शोरूममधल्या पुतळ्याची आहे, गौरीची नाही, आणि रंग चेहऱ्यापेक्षा एक छटा फिका आहे. पूर्ण बाह्यांचं ब्लाउज, कोपरापर्यंत हिरवा चुडा, तळव्याला कुंकू, एवढ्याने निभावतं. केसांच्या कडेचंही तसंच. कपाळावर विगची रेघ सरळ कापल्यासारखी दिसते, डोक्यावरून पदर घेतला की झाकते.

प्रमाणाचा दोष मात्र झाकता येत नाही. डोकं हनुवटीपासून माथ्यापर्यंत साडेआठ इंच, म्हणजे जवळजवळ मोठ्या बाईचं. अख्खी उंची ४२ इंच. म्हणजे अंग पाच डोक्यांएवढं. मोठ्या माणसाचं अंग सात-साडेसात डोक्यांचं असतं. पाचाचं प्रमाण अगदी लहान मुलाचं. लहान मुलाचं अंग, त्यावर नथ घातलेला प्रौढ चेहरा. मुखवट्याच्या गौरीतही डोकं मोठंच असतं, पण तिथे ते मुखवटा म्हणून मोठं असतं, कुणी मोजत नाही. चौरंगाची उंची वाढवून निऱ्या चौरंगाच्या कडेखालपर्यंत सोडल्या तर अंग आठ-दहा इंच लांब भासतं. साडी त्यासाठी नऊवारी नको, सहावारी बरी.

दोघी एकाच साच्यातल्या आहेत, आणि हे पहिल्या नजरेत जाणवतं. ज्येष्ठा-कनिष्ठा बहिणी आहेत. बहिणी सारख्या दिसतात, पण एकीच्या गालावरची खळी मिलिमीटरपर्यंत दुसरीच्या गालावर नसते. मुखवटे एका साच्यातले असले तरी हाताने आखताना भुवई थोडी वर-खाली होते आणि दोघी वेगळ्या होतात. इथे सगळं स्प्रे गनने आणि स्टेन्सिलने झालंय, म्हणून एकाच बाईच्या दोन प्रती शेजारी उभ्या आहेत. जुळा, प्रतिबिंब, आपल्यासारखाच दुसरा, हे फ्रॉइडच्या यादीतही आहेच. दुकानात दोन साचे आहेत. एक-एक डोकं वेगळ्या साच्याचं मागून घ्या. ते जमलं नाही तर कनिष्ठेला साधारण १५ अंशांत ज्येष्ठेकडे वळवा, टिकली आणि नथ वेगळ्या घडणीच्या घाला. फरक लगेच पडतो.

हालचालीची बाजू सगळ्यात दुर्लक्षित, आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाची. मोरीने आलेखातच दाखवलंय की वस्तू हलली तर दरी आणखी खोल होते. या मूर्तीचं डोकं मानेतल्या लोखंडी गजावर खटक्याने बसतं आणि त्या खटक्यात दोन-तीन मिलिमीटर खेळ आहे. रेल्वेलगतच्या चाळीत लोकल गेली, किंवा खाली ढोल-ताशा आला, की डोकं बारीक डोलतं. आरती चालू असताना हे कुणाला कळत नाही. रात्री कळतं. गजाभोवती फेल्टची किंवा जुन्या चादरीची पट्टी दोन वेढे गुंडाळून डोकं दाबून बसवा. स्टँडची पाटी १२ बाय १२ इंचाची, मूर्तीच्या मानाने हलकी आहे. तिच्यावर दोन विटा किंवा वाळूची पिशवी ठेवा, निऱ्यांत झाकली जाते. वरचा पंखा एकवर, आणि पदराला आतून दोन पिना. भाद्रपदातल्या मुंबईच्या दमट हवेत पापण्यांचा गोंदही सुटतो. एका डोळ्याची पापणी बाहेरच्या कोपऱ्यातून उचकटली की गौर डोळा बारीक करून बघते. चिकटवत बसण्यापेक्षा दोन्ही पापण्या काढून बारीक ब्रशने काजळाची रेघ ओढलेली कधीही चांगली.

रात्रीचं कारणही समजून घेण्यासारखं आहे. अंधुक उजेडात डोळ्याला तपशील आणि रंग कळत नाहीत, फक्त आकार कळतो. पाणी प्यायला उठलेल्या माणसाच्या डोळ्याच्या कडेला साडी नेसलेली उभी बाई दिसते. मेंदू आधी 'कोण?' म्हणतो आणि मग त्याला आठवतं. ते मधलं अर्धं सेकंद म्हणजे येन्शने सांगितलेली अनिश्चितता. मुखवट्याच्या गौरीतही आकार तोच असतो, पण चेहऱ्याकडे पाहताच निकाल लागतो: ही आपली गौर. इथे चेहऱ्याकडे पाहिल्यावर शंका वाढते. रात्रभर समई तेवत असते त्या घरात गौरीच्या वरच्या बाजूला एक पाच वॉटचा पिवळा दिवाही चालू ठेवा.

यात कुणाच्या श्रद्धेला बाधा यावी असं काही नाही, उलट श्रद्धेच्याच बाजूने हे सगळं लिहिलं आहे. गौर तीन दिवसांची माहेरवाशीण. अनुराधा नक्षत्रावर ती येते, ज्येष्ठावर जेवते, मूळावर निघते. हळदी-कुंकवाच्या पावलांवरून तिला आत आणतात, घर दाखवतात, पहिल्या दिवशी भाजी-भाकरी, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी. तिच्यात जीव आहे हे घराने आधीच मानलेलं असतं. मुखवटा स्वतः फार कमी सांगतो, म्हणून "यंदा गौर किती प्रसन्न दिसतेय" किंवा "निघताना तोंड उतरलं बघ" असं घरातल्या बायका म्हणू शकतात, आणि ते दरवर्षी वेगळं असतं. तेच पितळ, तीच आखणी, तरी वेगळं. हुबेहूब चेहऱ्याला स्वतःचाच एक भाव ठोकून बसवलेला आहे. आवाहन व्हायच्या आधीच, खोक्यातून काढल्याबरोबर, तो जिवंत असल्याचा आव आणतो, आणि मग घरच्यांनी द्यायचं काही उरत नाही.

उत्तरपूजा होऊन गौर हलवल्यानंतरचं आवरणंही या जोडीत जपून करावं लागतं. दुकानदार दाखवतात तसं आधी साडी सोडून, मग डोकं फिरवून उपसलं, तर उघड्या डोळ्यांचं सुटं डोकं हातात राहतं, आणि समोर लहान मुलं असतात. क्रम उलटा ठेवा. मूर्ती उभी असतानाच चेहऱ्यावर मऊ मलमल गुंडाळा, सुतळीने सैल बांधा, मग पाव वळसा फिरवून डोकं काढा. प्लॅस्टिकच्या पारदर्शक पिशवीत ठेवू नका. मुंबईच्या दमटपणात आत बाष्प धरतं, रंगाला फोड येतात, आणि माळ्यावरचं खोकं उघडणाऱ्याला आधी डोळेच दिसतात. कापडी पिशवी, सिलिका जेलच्या दोन पुड्या, चेहरा वरच्या बाजूला.

दुकानाची सेवा चांगली आहे. घाई करत नाहीत, डोकं स्टँडवर चढवून दाखवतात, डोंबिवली-विरारपर्यंत टेम्पोने पोचवतात, हाताचं बोट तुटलं तर जोडून देतात. नुसतं एकच म्हणणं आहे की त्यांच्याच फळीवर, खालच्या खणात, बिनहुबेहूब फायबरचे मुखवटे आहेत: मिटलेले ओठ, ब्रशने आखलेले, खाली झुकलेले डोळे, मॅट रंग, जोडी २,६०० रुपये. हे मुखवटे दुकानदार दाखवतच नाहीत, मागावे लागतात. साध्या लोखंडी स्टँडवर हे मुखवटे चढवले तर अंग भरायला अर्धा तास जास्त लागतो, आणि लहान खोलीत तीन फुटांवरून बघायला यासारखं काही नाही. आम्ही हेच सुचवू.

तरीही मोठी जोडीच हवी असेल तर डोळ्यांचे घुमट काढून त्या जागी खोबणी भरून, ब्रशने आखणी करून मागा. दुकानातून हे काम होतं, जोडीला १,५०० रुपये जास्त पडतात. पण ते आषाढातच सांगायला हवं; लांबी सुकून, घासून, रंग चढून त्याचा वास जाईपर्यंत दोन आठवडे जातात आणि श्रावणाच्या शेवटी कारागीर हाती लागत नाहीत. न्यायला जाल तेव्हा दोन्ही डोकी चढवून, फळीवरचा दिवा बंद करायला सांगून, मोबाइलचा टॉर्च आधी वरून आणि मग बाजूने धरून बघा. खाली पाटाएवढ्या उंचीवर बसूनही बघा, दुकानदाराकडे स्टूल आहे. पसंत पडलेल्या डोक्यांचे मानेच्या आत कोरलेले साच्याचे नंबर पावतीवर लिहून घ्या, कारण पोचवताना खोकी बदलतात आणि नंबर नसेल तर डोकं बदलून मिळत नाही.